जिवंत माणसाचा हार

सुज्ञ वाचकहो, एका जिवंत मनुष्याच्या तसबिरीस भर सभेत मृताचा हार कसा घालण्यात आला, व तदनंतर काय घडले, याचे यथातथ्य कथन मी येथे करणार आहे. कोणास ते झोंबल्यास माझा इलाज नाही.

पंचवटीतील फुलबाजारात फकिरादादा माझ्या शेजारी बसत. जयंती असो वा पुण्यतिथी, अनेक तसबिरींना त्यांच्याच हातचे हार जात. सन १९९५ च्या तीन मे रोजी एका चित्रपटप्रेमी मंडळाने मोगऱ्याचे हार मागविले. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या चित्रपटमहर्षींचा पहिला मूकपट याच तारखेस लोकांसमोर आला होता, म्हणून मंडळ दरवर्षी सभा घेई. हार घेऊन आम्ही दोघे सभागृहात गेलो.

मंचावर दिवंगत कलावंतांच्या तसबिरी ओळीने मांडल्या होत्या. चिटणीस महेशराव एकेकीस हार घालू लागले. शेवटचा हार पडला त्या तसबिरीत नथ घातलेली, नऊवारी नेसलेली एक चिमुरडी होती. खाली लिहिले होते : कै. फकिरा, बालकलाकार.

"हा मी हाय," फकिरादादा म्हणाले.

"कोण?"

"मीच. ल्हानपणी मूकपटात पोरींची कामं करायचो. हार काढा, साहेब. मी जित्ता हाय."

महेशराव हसले. "आजोबा, या गावात फकिरे छप्पन सापडतील. स्मरणिकेत कैलासवासी छापून झालंय. पाहुणे गाडीतून उतरतायत, बाजूला व्हा."

मी मध्ये पडलो. "अहो, मानूस समोर उभा हाय ना तुमच्या."

"गोटीराम, तू फुलं वीक. इतिहासाचं आम्ही बघतो."

फकिरादादांचा आवाज चढला. "घरी माझी बायको कुंकू लावती. तिच्या कपाळाकडं तरी बघा." त्यांनी हारास हात घातला. तत्क्षणी दोन कार्यकर्त्यांनी त्यांचे दंड धरले.

"हार मंडळाचा आहे. हात लावायचा नाही," महेशराव म्हणाले.

"मंग फोटो तरी द्या. माझ्या घरी एकबी नाय."

"तोही मंडळाचाच."

आम्हांस मागील दाराने बाहेर ढकलण्यात आले. आत ध्वनिक्षेपकावरून सूचना झाली की, दिवंगतांस श्रद्धांजली म्हणून सर्वांनी स्तब्ध उभे राहावे. मीही संतापाने रस्त्यात खिळून उभा होतो.

"तू कशाला उभा, गोटीराम?" फकिरादादा म्हणाले. "ते माझ्यासाठी चाललंय. चल, चहा पिऊ."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी चिमणाबाई कपाळभर कुंकू लावून मंडळाच्या दाराशी गेल्या व घसा बसेतो भांडल्या. दार उघडले नाही. पुढील वर्षी मंडळाचा माणूस पुन्हा हार मागावयास आला, तेव्हा फकिरादादांनी मान वर न करता उत्तर दिले, "मेलेला मानूस हार कसा वोवंल? दुसरीकडं बघ."

सन २००३ च्या वैशाखात ते खरोखरीच निवर्तले. घरात त्यांची तसबीर नव्हती. चिमणाबाईंच्या सांगण्यावरून मी मान खाली घालून मंडळात गेलो.

महेशरावांचे केस आता पांढरे झाले होते. "कोण, फकिरा? ते तर केव्हाच वारले ना?"

"काल वारले."

"मग आता आमचं बरोबरच झालं की," ते म्हणाले, आणि तसबीर दिली नाही. ती त्यांच्या पाठीमागेच भिंतीवर होती, वर्षभराची धूळ खात.

दहाव्याचा विधी आटोपून घरी आल्यावर चिमणाबाईंनी भिंतीत स्वहस्ते खिळा ठोकला. मी ओवलेला मोगऱ्याचा हार त्यांनी त्यावर अडकविला. हाराच्या आत चुन्याची पांढरी भिंत तेवढी दिसत होती.

शेजारच्या सुलाबाईंनी विचारले, "अगं, फोटो कुठंय?"

चिमणाबाईंनी हाराच्या दोन्ही बाजू सारख्या केल्या. "राहू दे. आम्ही वळखतो त्यांना."

येथवर वाचण्याचे कष्ट घेतलेत, याबद्दल वाचकांचा मी ऋणी आहे.

गोटीराम मौले,
फुलविक्रेता, पंचवटी, नाशिक