बॅटरी का उतरते

“अहो, माझ्या गाडीत ही साबणदाणी कशाला चिकटवलीय?”

“साबणदाणी नाही, डेटा लॉगर आहे. बॅटरी सारखी उतरते म्हणतेस ना? करंट कुठे मुरतोय ते सांगेल हा.”

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या माणसाच्या खिशात कायम टेस्टर, म्हणून अख्खी इमारत त्याला टेस्टरच म्हणायची. मायक्रोकंट्रोलर, सेन्सर, मेमरी कार्ड, सगळं त्याने स्वतः जोडून त्या साबणदाणीत बसवलं होतं.

आठवड्याने कार्ड काढून त्याने आलेख पाहिला. रोज संध्याकाळी, बायकोचा दवाखाना सुटल्यावर, गाडी कुठेतरी उभी राहत होती. इंजिन बंद, करंट मात्र चालू. टेप लागावा एवढा. आणि घरी येऊन ही म्हणायची, “केवढी गर्दी रस्त्याला!”

शंकेची पाल चुकचुकली. टेप लावून एकटं कोण बसतं? दवाखान्यात नवा फार्मासिस्ट आलाय, फार गोड बोलतो, असं तीच म्हणाली होती. टेस्टरने त्याला कधी पाहिलं नव्हतं, तरी मनातल्या मनात कुरळे केस देऊन टाकले. त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

दुसऱ्या दिवशी काम अर्धवट टाकून, दवाखाना सुटायच्या वेळी तो त्याच्या बाहेर टॅक्सीत बसला. “त्या गाडीच्या मागे घ्या.”

“बायको का?” टॅक्सीवाल्याने विचारलं.

“गाडी आमची आहे,” टेस्टर म्हणाला.

गाडी त्यांच्याच इमारतीच्या मागच्या गल्लीत थांबली. तो भिंतीच्या कडेकडेने जवळ गेला. शेजारच्या सीटवर नुसती पर्स होती. काचा वर करून, डोळे मिटून, स्टिअरिंगवर ताल धरून ती टेपबरोबर गात होती, अगदी गळा मोकळा सोडून. घरात ती गुणगुणायला लागली की “शूऽ, मोजतोय मी” असं तो म्हणायचा. कधीतरी तिने गुणगुणणंच सोडलं होतं आणि त्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

फार्मासिस्ट असता तर निदान भांडता आलं असतं. त्या डबड्या गाडीचा त्याला हेवा वाटला. तो पाऊल न वाजवता मागे फिरला.

“सापडलं का हो, करंट कुठे जातो?” घरी आल्यावर तिने विचारलं.

“बॅटरीच म्हातारी झालीय. उद्या मोठी टाकतो.”

त्या संध्याकाळी त्याने काहीच दुरुस्तीला घेतलं नाही. नुसता कान देऊन बसून राहिला. स्वयंपाकघरातून भांडी एकमेकांना लागल्याचा आवाज येत होता.