हशाच्या आधी

बाईंनी रिमोट समोर धरून चित्र थांबवलं, तेव्हा पडद्यावरचा जावई तोंड उघडतच होता. शेजारच्या आरामखुर्चीत बापू मात्र हसून मोकळेही झाले होते.

“अहो, विनोद अजून झालाच नाही. आत्ताच कशाला हसलात?”

बापूंनी डावा हात पडद्याकडे नेला, ओठ हलवले. शब्द काही आला नाही. हात पुन्हा मांडीवर येऊन पडला.

घराघरांत पाहिल्या जाणाऱ्या त्या विनोदी मालिकेतल्या एका कलाकाराला यंदा अभिनयाचं पारितोषिक द्यायचं होतं आणि निवड एकट्या बाईंवर सोपवली होती. बाईंचा उभा जन्म रंगभूमीवर गेलेला. मालिकांकडे त्यांनी कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पण पक्षाघाताचा झटका आल्यापासून नवऱ्याची वाचा गेली होती, घर कसं खायला उठायचं. निदान हसण्याचा आवाज तरी होईल म्हणून त्या हो म्हणाल्या.

एकदा हो म्हटल्यावर मात्र त्यांनी कुणाची भीड ठेवली नाही. जावई देखणा, पण ते त्यालाच फार ठाऊक. सासरे प्रत्येक वाक्य शेवटचं असल्यासारखे म्हणतात. शेजारी आला की धमाल, पण भांडवल एकच, ते किती दिवस पुरणार? धाकट्या मुलीचे डोळे बोलके, शिकेल हळूहळू.

“आणि ही थोरली सून,” बाई म्हणाल्या होत्या, “आहे की नाही तेही कळत नाही.”

त्यावर बापूंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं होतं.

लेक औषध घेऊन आली. “बाबा परत भलत्याच जागी हसले ना?”

“हं.”

“डॉक्टर म्हणालेच होते, आई. हसणं-रडणं कधीही येईल, त्याला अर्थ नसेल. तू मनाला लावून घेऊ नकोस.”

तिने बापूंना औषध पाजलं, ओठ पुसले आणि ती स्वयंपाकघरात गेली. बाई रिमोट हातात धरून तशाच बसल्या. शब्द गेल्याचं त्यांनी सोसलं होतं. पण रंगमंचावर हशाची नेमकी जागा ज्याला झोपेतसुद्धा सापडायची, तो भलतीकडेच हसायला लागला, तर मग या खुर्चीत बसलंय तरी कोण?

त्यांनी प्रसंग मागे नेऊन पुन्हा लावला. बापू पुन्हा आधीच हसले. पुन्हा लावला. या खेपेला बाईंनी पडद्याकडे न पाहता बापूंच्या डोळ्यांकडे पाहिलं.

डोळे जावयावर नव्हतेच. ते कोपऱ्यात होते, जिथे थोरली सून चादरीची घडी घालत होती. बाईंनी घाईने प्रसंग आणखी एकदा मागे नेला. सून घडी घालते आहे. जावई बोलणार, त्याच्या आधी तिचे हात थांबतात. बस, एवढंच. चादर हातातच राहते, आणि ती त्याच्याकडे असं पाहते की जणू आता जगातलं सगळ्यांत शहाणपणाचं वाक्य येणार. मग तो बोलतो आणि हसू आवरत नाही.

बाईंनी सून नसलेला एक प्रसंग शोधून काढला. तोच जावई, तोच तोरा. वाक्य सपशेल पडलं. बापूंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

“अगं बाई!” बाई स्वतःशीच म्हणाल्या, आणि त्यांना भरून आलं. माणूस आत शाबूत होता. तसूभरही हललेला नव्हता.

मग त्यांना स्वतःचं ते गाजलेलं नाटक आठवलं. त्यात बापू नको असलेला पाहुणा व्हायचे. बाईंच्या वाक्याआधी ते चष्मा पुसता पुसता थांबायचे. नाट्यगृह कोसळायचं ते बाईंच्या वाक्यावर, असं सगळे म्हणत. बाईही म्हणत. वर्तमानपत्रांत बाईंवर रकाने भरून यायचे आणि शेवटी एक ओळ असायची: इतरांची साथ समाधानकारक.

त्यांनी पारितोषिकवाल्यांना फोन लावला.

“थोरली सून,” त्या म्हणाल्या.

“बाई, तिच्या वाट्याला तर एकही विनोदी वाक्य नाही!”

“दुसऱ्यांना जी हशे मिळवून देते, तिला आणखी वाक्य कशाला हवंय? लिहून घ्या.”

फोन ठेवून त्यांनी बापूंच्या नाकावरचा चष्मा काढला आणि आपल्या पदरासकट त्यांच्या डाव्या हातात दिला. आपण समोर उभ्या राहिल्या. बापूंनी काच मांडीवर टेकवली आणि पदराने सावकाश पुसायला घेतली. मग बोटं थांबली. त्यांनी वर पाहिलं.

“हे घरी नाहीत हो,” बाई रंगमंचावरच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. “तुम्हाला येताना पाहिलं आणि आत्ताच बाहेर गेले.”

स्वयंपाकघराच्या दारातून पाहणाऱ्या लेकीच्या हातातलं भांडं पडलं. ती खळखळून हसत पुढे आली.

तिचा हशा ओसरेपर्यंत बाई थांबल्या. इतकी वर्षं त्या टाळ्या घ्यायला पुढे येऊन वाकत आल्या होत्या. आज एक पाऊल मागे सरल्या आणि त्यांनी बापूंकडे हात केला.