भिंगाखालचा नंबर

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे, आणि खरे सांगायचे तर तुमच्यावर माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही. वाईट वाटून घेऊ नका. माझा जन्मच शंका घेण्यासाठी झाला आहे. समोरची वस्तू दिसते तशी नसणार, असे धरूनच मी तिच्याकडे बघते. कुणी हसत हसत एखादे खोके पुढे केले, की मला आधी त्या हसण्याचीच शंका येते.

मला घडवणारा कारागीरही तसलाच होता. काच घासायची, उजेडाकडे धरायची, एक डोळा मिटून बघायची आणि नाक मुरडायचे, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. दहांतल्या सात काचा तो भंगारात टाकायचा. मी वाचले, पण त्याचा हात माझ्यापाशीही क्षणभर थबकला होता, हे मी विसरलेले नाही. पुढे मला पितळेच्या बुटक्या कड्यात बसवले आणि खाली एक पारदर्शक पट्टी जोडली. तिच्यावर मिलिमीटरच्या बारीक रेघा आहेत. त्यामुळे मी नुसते मोठे करून दाखवत नाही, मोजूनही देते. परदेशातून माल मागवणाऱ्या एका कंपनीने मला विकत घेतले आणि मी त्यांच्या गोदामात येऊन पडले.

गोदाम लांबट होते. वर पत्रा, दोन्ही बाजूंना खोक्यांच्या थप्प्या, आणि खिडकीजवळ एक लोखंडी टेबल. त्या टेबलाशी तपासनीस बसत. सगळे त्यांना काका म्हणत, आणि त्यांची पाठ वळली की शंकेखोर काका म्हणत. काकांना ते ठाऊक होते. त्यांना त्याचा अभिमानच होता. आमची जोडी पहिल्याच दिवशी जमली.

काम काय होते, ते सांगते. बाहेरून आलेल्या वस्तूवरची अक्षरे बहुतेक वेळा परक्या भाषेत असतात. घेणाऱ्याला त्यातले ओ की ठो कळत नाही. म्हणून माल दुकानात जाण्याआधी त्यावर आपल्या भाषेतले लेबल लावावे लागते. वस्तू कोणती, कुठल्या देशात बनली, कुणी आणली, त्याचा पत्ता काय, कोणत्या महिन्यात आली, खोक्यात नग किती, किंमत किती, आणि काही बिघडले तर तक्रार कुठे करायची, तो फोन नंबर. हे सगळे काड्यापेटीएवढ्या कागदावर. शिवाय अक्षराची उंची ठरलेली असते. मुंगीच्या पायासारखी अक्षरे छापून ‘आम्ही लिहिले होते’ असे म्हणता येत नाही.

लेबले चिकटवण्याचे काम एक ताई करत. त्यांचा हात इतका झरझर चाले की मला त्या वेगाचाच संशय येई. त्यांनी खोके पुढे सरकवले, की काका मला त्यावर ठेवत, डोळा टेकवत आणि पुटपुटत, “कुठंतरी पाणी मुरतंय.” दहांतल्या नऊ वेळा कुठेही काही मुरत नसे. ताई कंटाळून म्हणत, “काका, अहो लेबल आहे ते, चोर नाही.” त्यावर काका म्हणत, “चोर परवडला. तो निदान लपतो तरी. हे उघड उघड समोर बसतं.”

पण दहावी वेळही येतेच, मित्रांनो. एकदा बाहुल्यांची नऊशे खोकी आली होती. आमचे लेबल नीट होते, अक्षरांची उंची बरोबर, महिना बरोबर. तरी काकांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी लेबलाचा कोपरा नखाने उचलला आणि मला खाली धरले. खाली मूळ खोक्यावर छापलेले एक चित्र झाकले गेले होते. रांगते बाळ आणि त्यावर लाल फुली. बाहुलीच्या डोळ्यांचे मणी निघून येतात, ही इतक्या लहान मुलांच्या हाती देऊ नका, असा त्याचा अर्थ. मूळ सूचना झाकायची नाही हा नियम ताईंना माहीत होता, पण मोकळी जागा तेवढीच होती. नऊशेच्या नऊशे लेबले काढून दुसऱ्या बाजूला लावली गेली. त्या दिवशी मालकीणबाई स्वतः गोदामात आल्या आणि म्हणाल्या, “काका, तुम्ही आणि तुमचं हे भिंग आहे म्हणून मी निर्धास्त झोपते.” मी फुगून गेले. शंका घेणे म्हणजेच काळजी घेणे, असे मी तेव्हापासून मानू लागले.

तक्रारीचा फोनही काकांकडेच सोपवलेला होता. साधा मोबाइल, त्यावर फक्त लेबलावरचा नंबर. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारले, “तुमचा माल कुठून येतो हो? आणखी कुठल्या दुकानात मिळेल?” काकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. हा नक्की दुसऱ्या कंपनीचा माणूस, आपली गुपिते काढतोय. त्यांनी फोन कापला. दोन दिवसांनी एका बाईंनी विचारले की तुमच्याकडून आलेल्या एका यंत्राला वीज किती लागते. काका म्हणाले, “घेताना नाही विचारलंत? आत्ताच कसं सुचलं?” आणि तोही कापला. फोन करणारे सगळेच काकांना लबाड वाटू लागले, आणि काकांना जे वाटे, तेच मलाही वाटे. शेवटी त्यांनी फोनचा आवाज बंद केला आणि तो टेबलाच्या खणात ठेवून दिला. नंबर चालू असला पाहिजे, असा नियम होता. म्हणून रोज सकाळी पडद्याकडे न बघता, पण न चुकता ते तो चार्ज करत. नियम मोडला असे म्हणायची कुणाची छाती नव्हती.

मग विजेच्या किटल्या आल्या. एकूण सहाशे. मी प्रत्येक लेबल पाहिले. अक्षरे उंच, नंबर स्पष्ट, सूचना उघड्या. कुठेच खोट नव्हती. तीनशे साठ किटल्या दुकानांत गेल्या आणि विकल्याही गेल्या.

एका दुपारी एक बाई गोदामात आल्या. शिवणकाम करणाऱ्या होत्या. खांद्याला सुताचे तुकडे चिकटलेले, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी किटली काढून टेबलावर ठेवली आणि तिची मूठ वेगळी काढून शेजारी ठेवली.

“उकळतं पाणी होतं,” त्या म्हणाल्या. “सासूबाईंनी उचलली आणि मूठ हातातच राहिली. घोट्यापासून खाली पाय भाजलाय.”

काकांनी त्यांना बसा म्हटले नाही. मला उचलले. मी किटलीखालच्या लेबलावर टेकले आणि माझ्याही मनात काकांच्या मनातलेच विचार आले. ही किटली आमची कशावरून? लेबल दुसरीकडून काढून लावले नसेल कशावरून? मूठ आपटून तोडली नसेल कशावरून? मी कडा तपासल्या. कुठेही उचकटल्याची खूण नव्हती. महिना बरोबर होता. नंबरचा आकडान् आकडा बरोबर होता.

“लेबल आमचंच आहे,” काका नाराजीने म्हणाले. मग त्यांचे डोळे बारीक झाले. “पण मूठ काय एका दिवसात निखळते? आधी हलत असेल. तेव्हा का नाही सांगितलंत?”

“सांगितलं नाही?” बाईंचा आवाज चढला. “अकरा दिवस फोन करतेय मी. पहिल्या दिवशी मूठ नुसती हलत होती. म्हटलं, विचारावं, वापरू की नको. सासूबाई भाजल्या पाचव्या दिवशी.”

“शक्यच नाही. नंबर चालू आहे. मी स्वतः रोज चार्ज करतो.”

बाईंनी आपला फोन काढला, लेबलाकडे बघत एकेक आकडा दाबला आणि फोन टेबलावर मधोमध ठेवला. त्यातून रिंग जात असलेली आम्हा सगळ्यांना ऐकू येत होती. गोदामात मात्र कुठलाच फोन वाजत नव्हता. लेबले चिकटवणाऱ्या ताईंचा हात थांबला. टेबलाच्या खणाच्या फटीतून उजेडाची एक रेघ बाहेर आली, विझली, पुन्हा आली.

काकांनी खण उघडला. फोनच्या पडद्यावर न उचललेल्या फोनांची यादी होती. सवयीने त्यांनी मला पडद्यावर धरले. आकडे मोठेच होते, नुसत्या डोळ्यांना दिसत होते. बाईंचा नंबर तेवीस वेळा होता. त्याखाली दुसरे नंबर होते. कुणी दोनदा, कुणी सहादा, एकाने एका सकाळी नऊ वेळा. काकांनी यादी शेवटपर्यंत खाली सरकवली.

तेवढ्यात मालकीणबाई आल्या. काय झाले ते त्यांनी विचारले. त्या क्षणी, मित्रांनो, मला आयुष्यात पहिल्यांदा माझ्याच धन्याची शंका आली. आता हे कानावर हात ठेवणार, असे मला वाटले. फोन बिघडला होता, ताईंनी खणात टाकला होता, मला माहीतच नव्हते. सबबी पुष्कळ होत्या आणि त्यांच्याकडे बोट दाखवणारे कुणी नव्हते.

काका उभे राहिले. “फोन मी बंद करून ठेवला होता,” ते म्हणाले. “म्हणजे चालू ठेवून मुका केला होता. या बाई पहिल्या दिवसापासून सांगत होत्या. मी ऐकलं असतं तर त्यांच्या सासूबाई भाजल्या नसत्या. आणि अशा तीनशे साठ किटल्या लोकांच्या घरात आहेत.”

मालकीणबाईंच्या तोंडचे पाणी पळाले. पण त्यांनी काकांना ओरडण्यात वेळ घालवला नाही. दुकानदारांना निरोप गेले, किटल्या परत घ्या, घेणाऱ्यांना वापरू नका म्हणून सांगा. काकांनी यादीतला प्रत्येक नंबर फिरवला. आणखी चार जणांच्या किटलीची मूठ हलत होती. बाकीचे साधेच निघाले. कुणाला दुकान हवे होते, कुणाला वीज किती लागते ते. दुसऱ्या कंपनीचा माणूस त्यात एकही नव्हता. प्रत्येकाची माफी मागून मगच काका पुढचा नंबर फिरवत. मला त्यांची फार कीव आली, आणि माझी स्वतःची लाज वाटली. बाहुलीच्या खोक्यावरची फुली शोधणारे आम्ही दोघे. हाक मारणारी माणसे आम्हाला ऐकू आली नाहीत.

दुसऱ्या दिवशी काका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरी गेले. मी त्यांच्या खिशात होते. खोली लहान होती. एका कोपऱ्यात शिलाई यंत्र, दुसऱ्या कोपऱ्यात खाट. खाटेवर सासूबाई, पायाला पांढरी पट्टी. त्यांनी काकांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

“तू तो फोनवाला का?”

“हो, आजी.”

“उचलत जा रे बाबा,” त्या म्हणाल्या, आणि कुशीवर वळल्या.



आता मी म्हातारे झाले आहे. अक्षरांची उंची छापण्याआधीच संगणकावर मोजली जाते. माझे पितळ काळवंडले आहे आणि मला आठवड्यातून एकदाही कुणी उचलत नाही. काका मात्र अजून त्याच टेबलाशी आहेत. फोन आता खणात नसतो, टेबलावर असतो. नवा माल आला की आधी लेबलावरचा नंबर फिरवून बघायचा आणि मगच खोकी बाहेर सोडायची, अशी पद्धत त्यांनीच सुरू केली. फोन वाजला की ते कोण, कशाला, असे काही विचारत नाहीत. “बोला, ऐकतोय,” एवढेच म्हणतात. काही फोन बिनकामाचेच असतात, तेही ते शेवटपर्यंत ऐकतात.

शंका घेणे मी सोडलेले नाही, सोडणारही नाही. म्हणूनच तुम्हाला एक गोष्ट सांगते. तीनशे साठ किटल्यांपैकी तीनशे सत्तावन्न परत आल्या. तीन आल्या नाहीत. दुकानदारांना ते घेणारे आठवत नाहीत. त्या कुणाच्या तरी घरी आहेत आणि रोज उकळत आहेत. तेव्हा मित्रांनो, आज घरी गेलात की मोठ्या माणसांना घेऊन स्वयंपाकघरात जा. किटली थंड असेल तेव्हा तिची मूठ जरा हलवून बघा. हलली, तर ती उलटी करून खालचे लेबल वाचा आणि त्यावरचा नंबर फिरवा. काका उचलतील.