रविवारचं पाणी

पोहण्याचे सर छातीइतक्या पाण्यात उभे होते आणि शिवणवाल्या काकूंचं डोकं त्यांच्या तळहातावर होतं. काकूंचे पाय वर आले होते, पाठ सरळ झाली होती, सगळं जमून आलं होतं. फक्त काठाची दांडी उजव्या हातातून काही सुटत नव्हती.

"सोडा आता."

"सोडते की. पाणी कुठं पळून चाललंय?"

काठाशी उभ्या असलेल्या बाकीच्या बायका हसल्या. त्यांच्यातल्या एक इस्पितळातून निवृत्त झालेल्या परिचारिका होत्या. सगळ्या त्यांना अजूनही सिस्टर म्हणत. त्यांनी तिकडून आवाज दिला, "घाबरता कशाला? बुडालात तर मी आहे नाडी बघायला."

"नाडी नका बघू. घरी जाऊन सुनेला तेवढं सांगा, गॅसवर दूध ठेवलंय म्हणावं."

आणि या हसण्याच्या भरात काकूंचा हात सुटला. सरांनी आपला तळहात हळूच खाली घेतला. काकू तरंगत राहिल्या. डोळे छताकडे, तोंड किंचित उघडं, पांढरे केस टोपीतून सुटून पाण्यावर पसरलेले. मग केव्हातरी काकूंच्या लक्षात आलं की डोक्याखाली हातच नाही. त्या दचकल्या, नाकातोंडात पाणी गेलं, ठसका लागला आणि कशाबशा उभ्या राहून त्यांनी सरांच्या खांद्यावर एक चापट ठेवून दिली.

"सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तरंगला असतात?"

तोंडावरचं पाणी पुसायचं निमित्त करून बराच वेळ काकूंनी चेहरा ओंजळीत धरून ठेवला.

तलाव शाळेचा होता; शाळा खासगी आणि नावाजलेली. सुट्टीच्या दिवशी इमारत नुसती पडून राहते, म्हणून संस्थेने सभागृह, मैदान आणि तलाव भाड्याने द्यायचं ठरवलं, तेव्हा सभागृहावर लोकांच्या उड्या पडल्या. लग्नं, सत्कार, व्याख्यानं. मैदान क्रिकेटवाल्यांनी धरलं. तलावाकडे मात्र कुणी फिरकलं नाही. मग एके दिवशी शेजारच्या वसाहतीतलं महिला मंडळ सिस्टरना पुढे घालून ऑफिसात आलं आणि रविवारची सकाळ मागून गेलं. सरांना वाटलं, चार दिवसांची हौस आहे. पोहण्याचा पोशाख अंगावर चढवावा लागला की निम्म्या गळतील. गळलं कुणीच नाही. "हा पोशाख बघून माझा मुलगा आठवडाभर माझ्या नजरेला नजर देत नव्हता," असं एकजण म्हणाली, आणि तरी पुढच्या रविवारी ती सगळ्यांच्या आधी फाटकाशी हजर.

आठवडाभर सर मुलांना शिकवत. मुलं पाण्यात उतरायला कुरकुरत, आणि काठावरच्या पालकांचे डोळे घड्याळावर असत. या बायकांना कुठंच पोहोचायचं नव्हतं. शिवणवाल्या काकूंचं माहेर तर नदीकाठचं. भाऊ दिवसभर नदीत डुंबायचे आणि काकू काठावर बसून त्यांचे कपडे राखायच्या. "सासरी आले तर हे म्हणाले, नदीकाठची आणि पोहता येत नाही? काय सांगणार? कपडे छान राखता येतात म्हटलं." हे सांगताना त्या स्वतःच इतक्या हसायच्या की ऐकणाऱ्याला हसावंच लागायचं. पुढे शिवणयंत्रावर वाकून वाकून त्यांच्या पाठीचं धनुष्य झालं होतं. पाण्यात ते सरळ व्हायचं. रविवारची सकाळ सरांना आवडू लागली होती. हे त्यांनी घरी कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण बायकोला कळायचं. रविवारी ते गजर व्हायच्या आधीच उठत.

काकू तरंगल्या त्यानंतरच्या बुधवारी मुख्याध्यापिकांच्या खोलीत संस्थेची बैठक होती. सरांनाही बोलावणं आलं, कारण त्यांची नेमणूक वर्षावर्षाची आणि ती वाढवायची की नाही, हा विषय त्याच दिवशी होता. शिवाय त्यांची मुलगी याच शाळेत नववीत होती. इथल्या माणसाची मुलगी म्हणून तिला फी नव्हती. नेमणूक गेली असती तर शाळाही गेली असती.

सरांच्या विषयाआधी तलावाचा विषय निघाला. पालकांच्या प्रतिनिधींनी घसा साफ केला.

"सोमवारी आमची मुलं त्याच पाण्यात उतरतात. आता या बायकांची वयं, कुणाला काय आजार, कातडीचं काही... मी वाईट अर्थाने म्हणत नाही हं."

"छे छे," अध्यक्ष म्हणाले. "पण मुलांचा प्रश्न आहे." मग ते सरांकडे वळले. "सर, तलाव तुमच्या ताब्यात. तुमचं काय म्हणणं?"

सरांना माहीत होतं की पाणी रात्रभर गाळलं जातं आणि सोमवारी तपासल्याशिवाय एकही मूल आत सोडलं जात नाही. पाण्यात काय काय करतात ते मुलंच करतात, या बायका नाही, हेही त्यांना माहीत होतं. हे वाक्य तर अगदी ओठांवर आलं होतं. सगळे हसले असते. कदाचित त्या हसण्यातच विषय संपला असता.

समोरच्या टेबलावर अध्यक्षांचा हात एका फाइलवर होता. त्या फाइलवर सरांचं नाव होतं. कोपऱ्यात टिपणं घेणाऱ्या ऑफिसातल्या बाईंनी पेन थांबवलं आणि मान वर करून सरांकडे पाहिलं.

"आपण ठरवाल ते," सर म्हणाले.

बाईंनी मान खाली घातली. पेन पुन्हा चालू लागलं.

सरांचा विषय चहा निवायच्या आत आटोपला. "सर काय, आपलेच आहेत," असं अध्यक्ष म्हणाले आणि फाइल मिटली. संध्याकाळी घरी बातमी सांगितल्यावर बायकोचा जीव भांड्यात पडला. मुलीने तर उड्याच मारल्या.

"मग तुमचं तोंड का असं?" बायकोने विचारलं.

"क्लोरीन," सर म्हणाले. "डोळे चुरचुरतायत."

रविवारचा तलाव बंद झाला, हे बायकांना कळवायचं काम सरांवरच होतं. शनिवारी त्यांनी सिस्टरचा नंबर लावला आणि घंटा वाजायच्या आत बंद केला. फाटकावर सूचना लावलेलीच आहे, वाचतील, अशी मनाची समजूत घातली. रविवारी सवयीने जाग आली. टॉवेल खांद्यावर टाकून ते खाटेच्या कडेला बसून राहिले. फोन वाजला. सिस्टरचाच होता. तो हातात घेऊन, वाजून वाजून गप्प होईपर्यंत, ते त्याच्याकडे बघत राहिले. बायको दारात येऊन उभी राहिली.

पुढे दोन-तीन आठवडे गेले. एके दुपारी सहावीचा वर्ग पाण्याबाहेर काढून सर ओल्या फरशीवरचं पाणी रबराने ओढत होते, तेव्हा दारात चार बायका दिसल्या. बाहेर जायच्या कपड्यांत, कोरड्या केसांनी, खांद्याला पिशव्या लावलेल्या. क्षणभर त्यांनी ओळखलंच नाही.

"टोप्या राहिल्या होत्या आमच्या," सिस्टर म्हणाल्या. "म्हटलं, घेऊन जावं. उगाच तुमची अडगळ."

सरांनी कपाट उघडून टोप्या काढून दिल्या. काढायला फार काही नव्हतं, तरी ते कपाटात डोकं घालून बराच वेळ शोधत राहिले. तोंड चुकवायला दुसरी जागा नव्हती.

"ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं आम्हाला सगळं," सिस्टर मागून म्हणाल्या.

सरांचा हात कपाटाच्या दारावर तसाच राहिला.

"तुम्ही आमच्यासाठी किती भांडलात ते. नेमणुकीचा विषय पुढ्यात आणि तुम्ही आपले अध्यक्षांना ऐकवताय. त्या म्हणाल्या, एकटे पडले हो, नाहीतर झालं असतं काम."

सर वळले. अंगणापलीकडे ऑफिसची खिडकी होती. बाई कशात तरी मान घालून बसल्या होत्या. त्यांनी इकडे पाहिलं नाही.

"फोन उचलेनात तेव्हा ही मंडळी रागावली होती," शिवणवाल्या काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, अगं, माणूस हरून आला की त्याला बोलावंसं वाटत नाही. काही दिवस जाऊ द्या."

"काकू, तसं नाही..." सर म्हणाले.

सगळ्या थांबल्या. चार चेहरे त्यांच्याकडे लागले होते, आणि त्यांच्यावर राग कुठंच नव्हता. पुढचं वाक्य तयार होतं, साधं होतं. सरांनी रबराचा दांडा या हातातून त्या हातात घेतला.

"तसं नाही म्हणजे, तुम्ही उगाच मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले.

"नाही घेत हो. पाणी काय, दुसरीकडे कुठंतरी मिळेल. सिस्टर शोधतायतच." टोपी पिशवीत घालता घालता काकू जवळ आल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "एक विचारू? फार बोलावं लागलं का हो तुम्हाला?"

"नाही," सर म्हणाले. "फार नाही बोललो."

"तेच म्हणते मी. तुमचा तो स्वभावच नाही." काकूंनी त्यांच्या दंडाला हात लावला. "म्हणून तर त्याचं जास्त मोल वाटलं."

आणि पिशवी खांद्याला लावून, ओल्या फरशीवर जपून पावलं टाकत, त्या बाकीच्या बायकांच्या मागे निघाल्या.