डावीकडच्या रिंगा

तोगाशी मासातोला आपला मेहुणा आवडत नव्हता असं नाही. आवडायचा, आणि तेच तर दुखणं होतं. माणूस वाईट असता तर मनसोक्त राग तरी धरता आला असता. पण निशिदे कोइचिरो हसतमुख, सरळ, सगळ्यांच्या उपयोगी पडणारा. धाकट्या बहिणीसाठी, फुसाएसाठी, हे स्थळ तोगाशीनेच सुचवलं होतं. जपानमधल्या दाइशोजी गावातल्या चेन कारखान्यात त्याला चिकटवलं तेही त्यानेच. आता तोच मेहुणा डोळ्यांत खुपायला लागला होता.

कारखाना मोटरसायकलच्या चेन बनवायचा. गाड्या वर्षागणिक दांडग्या होत चालल्या होत्या आणि चेन त्यांना पुरत नव्हत्या. कडीतली पिन तिच्याभोवतीच्या बुशमध्ये, म्हणजे पोलादी नळीत, घासायची, दोन्ही झिजायची, चेन लांबायची, सैल पडायची, दातेरी चाकावरून उतरायची. परदेशी गिऱ्हाइकांच्या तक्रारी येत होत्या. तोगाशी चाचणी विभागाचा प्रमुख. त्याचं म्हणणं एकच होतं, की पिन आणखी टणक करा. तो वर्षानुवर्षं तेच करत आला होता. पिन तापवायची, थंड करायची, मुलामा चढवायचा, पुन्हा घासून बघायची. दरवेळी चेन थोडी जास्त टिकायची. पण थोड्याशा वाढीसाठी टाळ्या कोण वाजवतं?

निशिदे आराखडा विभागात होता. एका दुपारी कॅन्टीनमध्ये नूडल्सचा वाडगा तसाच ठेवून तो तोगाशीच्या समोर येऊन बसला.

"दादा, पिन झिजते कशामुळे? ग्रीस निघून जातं आणि माती आत शिरते म्हणून ना? मग ग्रीस आतच कोंडून ठेवलं तर? कडीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये, बुशच्या दोन्ही टोकांना, रबराची बारीक रिंग बसवायची."

"चेनला रबर?" तोगाशी हसला. "रबर चपलेला लाव. इथे पोलाद चालतं."

निशिदेही हसला. पण वरिष्ठांपुढे जाऊन त्याने कल्पना मांडली, आणि दोन्ही विभागांवर देखरेख करणाऱ्या ओकुमुरांनी ती उचलून धरली.

त्या रविवारी फुसाए आणि निशिदे जेवायला आले. आईने हंगामातला पहिला खेकडा आणला होता. त्याच्या पायांतला गर काढून ती जावयाच्या ताटात ठेवत म्हणाली, "मासातो, तुझं काम मला आजवर कधी कळलंच नाही बघ. सारखं आपलं पिन नि पिन. पण कोइचिरो-सानांनी सांगितलं आणि झटकन डोक्यात शिरलं. लोणच्याच्या बरणीच्या झाकणाला रबर असतं, आतलं आत राहावं म्हणून. तसंच ना हो?"

"अगदी तसंच, आई," निशिदे म्हणाला. "मला तर इतकं सोपं करून सांगताच आलं नसतं."

तोगाशीने ताट पुढे सरकवलं. इतकी वर्षं या घरात राहून, भाजलेले हात घेऊन घरी येऊन, आईला आपली पिन कळली नाही. आणि याची रिंग एका जेवणात कळली.

नमुन्याच्या चेन तयार झाल्या आणि चाचणीसाठी अर्थातच तोगाशीकडे आल्या. त्याने त्या यंत्रावर चढवल्या, वरून चिखलाचं पाणी सोडलं आणि ताण नेहमीपेक्षा चढा ठेवला. का चढा, हे त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानेही स्वतःला विचारलं नाही. थोड्याच दिवसांत रिंगा फाटल्या, ग्रीस बाहेर आलं, चिखल आत गेला, चेन कुरकुरायला लागली. तो आवाज तोगाशीला फार गोड वाटला.

चेनच्या कड्या सुट्या करून त्याने रिंगा भिंगाखाली धरल्या. आणि तिथे त्याला दिसलं ते असं: फाटलेल्या जवळजवळ सगळ्या रिंगा डाव्या बाजूच्या होत्या. उजवीकडच्या धडधाकट. फाटल्याही होत्या आतून, जिथे त्या बुशच्या तोंडाला टेकत होत्या. बुश कापताना एका टोकाला बारीक धार राहायची, आणि बसवणारे सवयीने ते टोक डावीकडेच ठेवायचे. रबरात काही खोट नव्हती. ती धार रबर कापत होती. बुश फिरत्या पिंपात खड्यांबरोबर घोळवून टोकं गुळगुळीत केली असती की काम झालं असतं.

तोगाशीने भिंग खाली ठेवलं. मग डावीकडच्या आणि उजवीकडच्या रिंगा त्याने एकाच डब्यात ओतल्या, डबा हलवला आणि आराखडा विभागात पाठवून दिला. सोबत निरोप एवढाच: रिंगा टिकत नाहीत.

त्या संध्याकाळी तो गुणगुणत घरी आला. वाटेत आईसाठी गोड बीन्सच्या वड्याही घेतल्या.

निशिदेने सगळा दोष रबरावर ठेवला. तो गाडीने ओसाकाला रबरवाल्यांकडे जायचा, नव्या रबराचा नमुना करून आणायचा, पुन्हा चाचणी, पुन्हा फाटलेल्या रिंगा. असं उन्हाळाभर चाललं. तोगाशी प्रत्येक वेळी डबा हलवूनच पाठवायचा. निशिदेचे गाल आत गेले. तरी तो यायचा, वाकून म्हणायचा, "दादा, तुम्हाला किती त्रास देतोय मी." त्याने एकदा तरी चिडावं, आरडाओरडा करावा, असं तोगाशीला मनापासून वाटायचं. तो चिडत नव्हता.

आई तर देवळात जाऊन जावयाच्या रिंगांसाठी घंटा वाजवून आली.

"माझ्या पिनेसाठी कधी गेलीस देवळात?" तोगाशीने विचारलं. थट्टेने विचारायचं होतं, पण आवाज तसा निघाला नाही.

आई गोंधळली. "तुला कधी गरज आहे असं वाटलंच नाही रे."

शरदात ओकुमुरांनी बैठक बोलावली. रिंगांचं काम थांबवायचं आणि पुन्हा पिनेवर भर द्यायचा, असं ठरलेलंच होतं. तोगाशी नवा शर्ट घालून गेला होता. शेवटी ओकुमुरा म्हणाले, "तोगाशी-सान, पुढचं काम तुमच्याकडे. पण एक सांगतो. निशिदेंची कल्पना फसली, तरी कल्पना म्हणून फार मोठी होती. इतकी वर्षं आपण पिना उगाळत बसलो, असं काही आपल्या कुणाच्या डोक्यात आलं नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. निशिदे खाली बघत होता.

तोगाशीच्या अंगाचा तिळपापड झाला. हरूनसुद्धा हाच मोठा? आणि मी जिंकून उगाळणारा? त्याच्या तोंडून शब्द निसटले ते दयेपोटी नव्हेत, जळफळाटापोटी.

"रबराची चूक नव्हतीच मुळी," तो जोरात म्हणाला. "इतकी साधी गोष्ट कुणाला दिसू नये? रिंगा फक्त डावीकडे फाटतात. बुशच्या टोकाला धार राहते, ती रबर कापते. बुश घोळवून घ्या. ओसाकाला खेपा कसल्या घालता?"

निशिदेने टेबलावरचा एक बुश उचलला आणि एका टोकावरून, मग दुसऱ्या टोकावरून अंगठा फिरवला. अंगठ्यावर रक्ताचा बारीक थेंब आला. त्याने तो थेंब पाहिला, तोगाशीकडे पाहिलं, आणि उठून असा वाकला की कपाळ टेबलाला टेकलं.

"दादा!" बैठकीत, सगळ्यांसमोर, त्याने पहिल्यांदाच असं म्हटलं. डोळे भरून आले होते त्याचे.

"कधी लक्षात आलं हे?" ओकुमुरांनी विचारलं.

"काल," तोगाशी म्हणाला.

बुश घोळवले गेले. नवी चेन यंत्रावर चढली ती उतरायचं नाव घेईना. चिखल, वाळू, मिठाचं पाणी, सगळं करून झालं, तरी मापपट्टीवर तिची लांबी जवळपास होती तिथेच. निशिदेने हट्ट धरून पेटंटच्या अर्जावर तोगाशीचं नाव आपल्या नावाशेजारी घातलं आणि गावभर सांगत सुटला, की दादांनी वाचवलं.

आई म्हणाली, "मासातो, सगळं श्रेय ते तुला देतात. केवढं मोठं मन माणसाचं!"

तोगाशीने चहाचा पेला उचलून तोंडाला लावला.

डिसेंबरच्या सुरुवातीला तोगाशी बहिणीकडे गेला तेव्हा ती ओसरीवर बसून पर्सिमन सोलत होती. सोललेली फळं दोरीला बांधून वाळत टाकायची होती. तोही बाजूला बसून गाठी मारायला लागला.

"तू त्या दिवशी गुणगुणत आला होतास," फुसाए एकदम म्हणाली. मान वर केली नाही.

"कोणत्या दिवशी?"

"पहिल्या रिंगा फाटल्या त्या दिवशी. मी आईकडेच होते. वड्या घेऊन आलास. तू कधी वड्या आणतोस का? यांची चेन फसली म्हणून तू खूश आहेस, एवढंच तेव्हा वाटलं. पण डावीकडच्याच रिंगा फाटतात हे तुला बैठकीच्या आदल्या दिवशी दिसलं म्हणे. दादा, लहानपणी माझ्या बाहुलीच्या किमोनोची निसटलेली शिवण तुला खोलीच्या त्या टोकाहून दिसायची."

तोगाशीने मारलेली गाठ सोडून पुन्हा मारली.

"हे ओसाकाच्या गाडीत बसून झुरत होते," ती म्हणाली, "आणि तुला ठाऊक होतं. हो की नाही?"

"हो."

"का रे?"

"आईला त्याची रिंग कळली," तो म्हणाला. "माझी पिन कधी कळली नाही."

फुसाए त्याच्याकडे बघतच राहिली. एवढा घोडा झालेला भाऊ, आणि बोलतोय काय! तिला हसूही येत होतं आणि हातातली सुरी त्याच्या अंगावर फेकावी असंही वाटत होतं.

"मी यांना सांगणार नाही," शेवटी ती म्हणाली. "तुझ्यासाठी नाही. त्यांना सख्खा भाऊ नाही. तुला ते भाऊ मानतात, ते मला त्यांच्याकडून काढून घ्यायचं नाही. पण पुन्हा असं केलंस, तर आईसमोर बोलेन."

तोगाशी मान खाली घालून गाठी मारत राहिला.

हेवा काही गेला नाही. वसंतात निशिदेला नवी चेन दाखवायला जर्मनीला पाठवायचं ठरलं. तोगाशीचं नाव निघालं नाही. निघण्याआधी निशिदेने चेनची दोन टोकं जोडणाऱ्या जोडकडीचं चित्र तपासायला आणून दिलं. दोन्ही बाजूंच्या रिंगांची जाडी धरायची राहिली होती आणि पिन आखूड पडत होती. तोगाशीला चूक बघताक्षणी दिसली. चित्र खणात सरकवावं असं फार वाटलं. खण त्याने उघडलाही. मग लाल पेन्सिल घेऊन पिनेभोवती गोल काढला आणि जेवणाची सुट्टी व्हायच्या आत स्वतः जाऊन चित्र निशिदेच्या टेबलावर ठेवलं. वर खेकसला, "डोळे उघडे ठेवून काढत जा."

निघायच्या दिवशी सगळे स्टेशनवर गेले. आईने जावयासाठी प्रवासातला डबा बांधला होता. निशिदेच्या अंगावर नवा कोट होता आणि तो त्याला शोभत होता, याचाही तोगाशीला त्रास झाला. गाडी आली.

"दादा, खरं तर तुम्ही जायला हवं होतं," निशिदे म्हणाला.

"हो," तोगाशी म्हणाला. "तुझा फार हेवा वाटतो मला. पहिल्यापासून."

निशिदे खळखळून हसला. "चेष्टा करता दादा माझी!" आणि हात हलवत डब्यात चढला.

आईही हसली. फुसाए हसली नाही. गाडी गेल्यावर तिने आईची पिशवी भावाच्या हातात दिली. तिघं चालत घराकडे निघाली.