ब्रेक मफी

आखातातल्या त्या वर्कशॉपमध्ये लेनार्टसाहेबांना सगळे 'ब्रेक मफी' म्हणत. मफी म्हणजे तिथल्या बोलीतल्या अरबीत 'नाही'. तरुणपणी स्वीडनमध्ये ते स्पीडवेच्या शर्यतींत धावायचे. त्या मोटरसायकलला ब्रेकच नसतो. मातीच्या लंबगोल ट्रॅकवर मागचं चाक घसरवत फक्त डावीकडे वळायचं. ते देशाच्या संघात होते, खांद्याचं हाड मोडलेलं असतानाही एकदा जिंकले होते. मग ऐन भरात सगळं सोडून दिलं. का, ते कुणालाच सांगत नसत.

त्या शुक्रवारी श्रावस्तीचे बाबा, त्याच वर्कशॉपमधले गोपीनाथ, त्यांना सनद भागातून माहूजला आपल्या घरी जेवायला आणत होते. पिकअप बाबा चालवत होते, शेजारी लेनार्ट, मागच्या सीटवर श्रावस्ती.

"अंकल, रेसिंग का सोडलंत?" तिनं इंग्रजीत विचारलंच.

"जेवणाआधी नको," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

समोर राउंडअबाउट आलं. तिथं गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात आणि अशा गोल चौकाला डावीकडे वळत फेरी घालतात. पलीकडच्या मशिदीतून जुम्म्याची नमाज सुटली होती; रस्ताभर माणसं, लहान मुलं. बाबांचा पाय दोनदा खाली आपटला. गाडीचा वेग तेवढाच.

"ब्रेक मफी!" बाबा ओरडले.

"येस, गोपी?" लेनार्ट हसले. "बोल."

"साहेब, ब्रेक मफी!"

"ऐकलं रे, ऐकलं."

दोन सीटांमधून श्रावस्तीला बाबांचा पाय दिसला. पेडल पार तळाला टेकलेलं. तिनं म्हाताऱ्याचा खांदा धरून गदागदा हलवला.

"अंकल, नॉट यू! द कार!"

हसू जागच्या जागी विझलं. लेनार्टांनी गर्दीकडे पाहिलं आणि एक हात स्टिअरिंगवर टाकला. "चौकातून बाहेर पडायचं नाही. डावीकडे! वळत राहा."

बाबांचा हात हँडब्रेककडे गेला.

"नो! उलटेल. गिअर खाली. यल्ला, चल लवकर!"

इंजिन किंचाळलं. गाडी चौकाच्या आतल्या कडेला चिकटून फिरू लागली. श्रावस्ती दारावर आदळली. मागून ट्रकचा हॉर्न, मग मशीद, पांढरे झगे, बापाच्या खांद्यावरचं पोर. पुन्हा हॉर्न, पुन्हा मशीद, पुन्हा तेच पोर.

"ट्रॅक आहे, गोपी," लेनार्ट हळू म्हणत होते. "नुसता ट्रॅक. अजून एक फेरी."

डावं चाक कडेच्या दगडाला घासलं. जळक्या रबराचा वास आला. पोराचा चेहरा आता नीट दिसू लागला. ते त्यांच्याकडे बघून हात हलवत होतं. एक हिसका बसला आणि गाडी थांबली.

"काऊन असं झालं?" बाबा स्वतःशीच पुटपुटले. "परवाच तर म्या पाहिलं होतं."

लेनार्टांचा हात स्टिअरिंगवरून सुटेना. श्रावस्तीनं पुढे वाकून एकेक बोट सोडवलं. बोटं थंडगार होती.

"शेवटच्या शर्यतीत माझ्यापुढे माझा मित्र पडला होता," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "त्या दिवशी डावीकडे जागा नव्हती."

बाबा उतरले, फिरून त्यांच्या बाजूला आले आणि दार उघडून उभे राहिले.

"चला साहेब. घर जवळच आहे. चालत जाऊ."

रस्ता ओलांडताना बाबांनी त्यांचा हात धरला. पलीकडे पोचल्यावरही सोडला नाही.