कातडीच्या रंगाची शाई

थोरलीचं बूड काही केल्या दवाखान्यातल्या खुर्चीला टेकेना. बसली की उठत होती, कोपऱ्यातल्या पिंपातून घोटभर पाणी पीत होती, परत येऊन पर्सची चेन उघडझाप करत होती. बघणाऱ्याला वाटलं असतं, लेसरने काढायच्या गोंदलेल्या भुवया हिच्याच आहेत. आणि जिच्या काढायच्या होत्या ती धाकटी जाऊ मात्र भुवयांवर बधिर करणारं मलम थापून, वर प्लॅस्टिकचा पातळ कागद चिकटवून, डोळे मिटून निवांत बसली होती.

"ताई, बसा ना जरा. तुम्हीच असं करायला लागलात तर मी कुणाकडे बघायचं?"

"बसलेय की," थोरली उभ्याउभ्याच म्हणाली.

घराच्या पुढच्या खोलीत थोरलीचं पार्लर होतं. काही वर्षांपूर्वी ती भुवया गोंदायला शिकली आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून घरातलंच माणूस धरलं. धाकटीने विश्वासाने मान पुढे केली. उजवी भुवई झकास जमली. डावीचं टोक मात्र घसरलं, चांगलं गालाकडे निघालं. "सूज आहे गं, उतरेल," असं म्हणून थोरलीने वेळ मारून नेली. मग "रंग पक्का करते" म्हणत तिला पुन्हा झोपवलं आणि त्या घसरलेल्या टोकावर कातडीच्या रंगाची शाई भरली. भिंतीवरचा डाग चुन्याने झाकावा, तसं. त्याआधी स्वतःच्या डाव्या भुवईखाली तीच शाई भरून बघितली होती, तेवढी अक्कल शाबूत होती. वाकडं टोक झाकलं गेलं. धाकटी खूश झाली, चार मैत्रिणी घेऊन आली. थोरलीने तोंड उघडलं नाही.

आता त्या भुवयांचा रंग विटकरीवर आला होता. धाकटी हॉटेलच्या काउंटरवर बसायची, आणि येणारा प्रत्येक जण बिलाआधी तिच्या भुवया वाचायचा. म्हणून लेसर. हे ठरलं त्याच दिवशी थोरलीने मोबाइलवर शोधाशोध केली. कातडीच्या रंगाची शाई लेसरने जायची सोडून काळी पडू शकते, आणि मग हटता हटत नाही. पडू शकते. पडतेच असं नाही. एवढ्याच आशेवर तिने आजचा दिवस गाठला होता.

मघाशी डॉक्टरबाईंनी विचारलंही होतं, "कुठे कातडीच्या रंगाची शाई वगैरे वापरलीय का?"

"छे हो! नुसता तपकिरी. आमच्या ताईंच्याच हातचं काम आहे," धाकटी कौतुकाने म्हणाली होती.

डॉक्टरबाईंनी थोरलीकडे पाहिलं होतं. थोरली "हं" म्हणाली होती.

मलम मुरायला अजून वेळ होता. थोरली एकदम उठली आणि दार ढकलून डॉक्टरबाईंच्या खोलीत गेली.

"डॉक्टर, आधी माझ्यावर एक टिपका मारून बघा. इथे, भुवईखाली."

डॉक्टरबाईंनी दिवा ओढून जवळून पाहिलं. "ही तर कातडीच्या रंगाची शाई आहे. काळी पडेल."

"पडेलच असं नाही ना?"

"नाही. पण पडली तर निघेलच असंही नाही. चेहरा आहे, बाई."

"माझाच आहे. मारा."

संमतीच्या कागदावर सही झाली, लेसर डोळ्यांत जाऊ नये म्हणून वर धातूच्या वाट्या बसल्या. अंधारात थोरली मनातल्या मनात एकच घोकत होती: काळं पडू नको, काळं पडू नको. नाही पडलं तर कुणाला काही सांगायला नको. फोडणीतली मोहरी अंगावर उडावी तसा चटका बसला. वाट्या निघाल्या आणि डॉक्टरबाईंनी आरसा पुढे केला. भुवईखाली काजळी फासल्यासारखा डाग होता.

"आणि बाहेर बसल्यात त्यांच्या?" डॉक्टरबाईंचा आवाज बदलला होता.

"तीच शाई. डावीच्या टोकाला."

"मी सांगते त्यांना."

"नको. मी सांगते."

"निदान पट्टी तरी लावून जा. लोक बघतील."

"तिला बघू दे," थोरली म्हणाली आणि तशीच बाहेर आली.

धाकटीने डोळे उघडले. "अगंबाई! हे काय झालं तुम्हाला?"

"तुझ्या डाव्या भुवईच्या टोकाला हेच भरलंय. मीच भरलं. वाकडं झालं होतं, ते झाकलं."

धाकटीने पुढे वाकून तो डाग जवळून बघितला. "मघाशी त्यांनी विचारलं तेव्हा?"

"बोलले नाही."

"आणि हे काळं पडलं नसतं तर?"

थोरलीला खोटं बोलता आलं असतं. आजवर बोललीच होती. "तर सांगितलं नसतं," ती म्हणाली.

धाकटीने भुवयांवरचा कागद टरकन ओढला, मलम खसाखसा पुसलं, पर्स उचलली आणि बाहेर पडली. थोरली तिच्या मागे.

रस्त्यावर ऊन रणरणत होतं. धाकटी तरातरा पुढे, थोरली चार पावलं मागे. फळवाल्याने तराजू हातात धरून वळून पाहिलं. बसथांब्यावरच्या दोघी एकमेकींच्या कानाला लागल्या. थोरलीची मान खाली गेली ती वर येईना. तेवढ्यात धाकटी थांबली. आता रस्त्यातच आपली खरडपट्टी काढणार, म्हणून थोरलीने अंग चोरलं.

धाकटीने तिच्याकडे बघितलंही नाही. वळसा घालून तिच्या डाव्या बाजूला आली, डाग होता त्या बाजूला, आणि तो डाग लोकांपासून झाकत खांद्याला खांदा लावून चालायला लागली. घर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही, पण बाजू सोडली नाही.